समान दातांचे दोन गिअर

चिरंजीव मेव्हण्यास अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ, तुझ्या बायकोचा खोकला आणि तुझ्या वर्कशॉपमधलं ते दमेकरी लेथ मशीन, तिघांच्याही प्रकृतीला उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. (हे लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढे वाचशील तेव्हा त्यात किती तथ्य आहे ते कळेलच.) तुझी बहीण ठणठणीत आहे. दर रविवारी जेवणं आटोपली की लोकरीची पिशवी काखोटीला मारून ती दोन गल्ल्या पलीकडे आपल्या ताईकडे जाते आणि संध्याकाळी परत येते. मी घरी असतो. माझ्या प्रकृतीविषयी विचारू नकोस.

तू विचारणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून सांगतो. तुझे थोरले भाऊजी, म्हणजे माझे साडू, यांनी निवृत्त झाल्यावर एक यंत्र बनवलं आहे. लोकर दुकानातून येते ती लांबलचक लडीच्या रूपात, आणि विणायच्या आधी तिचा गोळा करावा लागतो. सव्वीस वर्षं आमच्याकडे हे काम असं होत आलं : मी खुर्चीत बसून दोन्ही हात पुढे धरायचे, तुझ्या बहिणीने त्यांवर लड अडकवायची आणि समोर बसून गोळा गुंडाळायचा. एका लडीला पाऊण तास, एका स्वेटरला सहा लडी. या वेळात मी तिला स्त्रीशिक्षण, निःशस्त्रीकरण, भाषाशुद्धी आणि आपल्या गल्लीतलं गटार अशा सर्व ज्वलंत प्रश्नांवर माझी मतं सांगत असे. तिने एका शब्दाने कधी विरोध केला नाही की मध्येच उठून गेली नाही. इतका एकाग्र श्रोतृवर्ग मला दुसरा लाभला नाही. (तीस वर्षं मी ग्रंथालयात नोकरी केली. माझी खुर्ची नेमकी ‘शांतता राखा’ या पाटीखाली होती. माणसाने बोलायचं तरी कुठे?)

आणि हा दातांचा डॉक्टर! ज्याने हयातभर लोकांच्या तोंडात हात घालून त्यांना एक अक्षर बोलू दिलं नाही, त्याने एक लाकडी पेटी केली, तिच्या बाजूला हँडल लावलं आणि वर एक उभी दांडी. हँडल आडवं फिरतं, दांडी उभी फिरते आणि पाच मिनिटांत गोळा तयार. आवाज म्हणशील तर मांजर झोपेत घुरघुरावं इतकाच. तुझी बहीण पहिल्याच रविवारी येऊन म्हणाली, “काय सुरेख हात आहे हो भाऊजींचा!” सव्वीस वर्षं तिच्यासमोर जे दोन हात धरलेले होते त्यांच्याविषयी असं कुणी बोललेलं मला आठवत नाही. मी मत्सरी माणूस नाही. साडूंच्या घराला गच्ची आहे, डोक्यावर केस आहेत, जावई वेळेवर पत्र लिहितो. यातल्या एकाही गोष्टीची मी नोंद ठेवलेली नाही. परंतु माझी सभा पळवून नेलेली मी सहन करणार नाही.

म्हणून मी स्वतः यंत्र करायला घेतलं. पेटी सोपी गेली (एक जुनं पुस्तकांचं कपाट होतं, ते आता नाही). अडलं ते वळणावर. आडव्या दांडीची गती काटकोनात वळवून उभ्या दांडीला द्यायची तर शंकूच्या आकाराचे, तिरप्या अंगावर दात कापलेले दोन गिअर लागतात. त्यांना बेव्हल गिअर म्हणतात, हे तुला मी सांगायला नको, पण मला ते यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं आणि तेही कुत्सितपणे. त्याने एक जोडी समोर ठेवली : मोठा गिअर अठ्ठेचाळीस दातांचा, लहान सोळाचा. मोठ्याची एक फेरी झाली की लहानाच्या तीन. मी म्हटलं, मोठ्याने एकदा डुलत फिरायचं आणि लहानाने तिप्पट पळायचं? हे यंत्र आहे की सरंजामशाही? ज्याने चाळीस वर्षं व्यासपीठावरून समतेचा पुरस्कार केला त्याने स्वतःच्या पेटीत उच्चनीच भाव कोंडून ठेवायचा? दुकानदार म्हणाला, “मग दोन्ही वीस-वीस दातांचे घ्या. पण हँडल फिरवाल तेवढीच दांडी फिरेल. नंतर तक्रार नको.” मी समान दातांची जोडी घेतली, पोलादी, सरळ दातांची.

मेव्हण्या, ते यंत्र फिरलं! पण असा खडखडाट, की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि घर पाडताय का म्हणून विचारून गेल्या. तुझी बहीण हँडल फिरवत होती. मी समोर खुर्ची ओढून निःशस्त्रीकरणावर बोलायला लागलो, तर माझा आवाज मलाच ऐकू येईना. आणि ती? डोळे अर्धे मिटून, गालातल्या गालात हसत फिरवत राहिली. “छान आहे की. असंच राहू दे,” म्हणाली. नवऱ्याची टर उडवायची ही पद्धत तुमच्या घराण्यात कुठून आली हे एकदा तपासायला हवं. पुढच्या रविवारी ती पुन्हा ताईकडे गेली. मी ताबडतोब गिअर काढून फेकून दिले होते, हे वेगळं सांगायला नको.

मग मी मनावर दगड ठेवून साडूंकडे गेलो. ते पाणी आणायला आत गेल्याचं पाहून टेबलाखाली वाकलो आणि पेटीच्या फटीतून डोकावलो. मागून आवाज आला, “दात बघताय, साडूभाऊ? टॉर्च देऊ? मी टॉर्चशिवाय कधी बघितले नाहीत.” आणि तुझ्या दोन्ही बहिणी हसल्या. पण मला हवं ते दिसलं होतं : त्यांच्या गिअरचे दात सरळ नव्हते, वक्र होते. म्हणून आवाज नाही!

पुन्हा दुकान. दुकानदार म्हणाला, वक्र दातांच्या जोडीत एकाचे दात डावीकडे वळलेले असतात आणि दुसऱ्याचे उजवीकडे. मला हा भेद पटला नाही. एकत्र काम करायचं तर दोघांचा कल एकच हवा, ही साधी गोष्ट कोणत्याही संघटनेचा कार्यकर्ता सांगेल. तो म्हणाला, “आम्ही जोडी फोडत नाही.” मी त्याला जोडी फोडणं का आवश्यक आहे हे पंचवीस मिनिटं समजावून सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत होती. शेवटी त्याने दोन जोड्या फोडून मला दोन्ही उजवे दिले आणि म्हणाला, “आता जा.” घरी आणून लावतो तो काय, दोन समविचारी गिअर एकमेकांत शिरायलाच तयार होईनात. दात दातांना आडवे! संघटनेतही हेच होतं हे मला तेव्हा आठवलं. परत गेलो. दुकानदाराने मला दारातून पाहिलं आणि मी तोंड उघडण्यापूर्वी एक डावा गिअर काउंटरवर ठेवला.

आता तरी व्हायला हवं होतं. पण माणसामाणसांत अंतर नको हे मी जन्मभर सांगत आलो, त्यामुळे दोन्ही गिअर मी एकमेकांना घट्ट भिडवून बसवले. हँडल तसूभर हललं नाही. आवाज मात्र अजिबात नाही, हे मान्य करायला हवं. दात फिरायला मध्ये केसाएवढी फट लागते आणि ती ठेवायला दांडीवर कागदासारखे पातळ वॉशर घालावे लागतात, हे ज्ञान मला काल झालं. किती पातळ, ते साडूंना माहीत आहे. मी त्यांना विचारणार नाही. कितीही रविवार गेले तरी विचारणार नाही.

तरी तू आपल्या वर्कशॉपमधून वक्र दातांची एक उत्तम जोडी वॉशरसकट पाठवून दे. अठ्ठेचाळीस आणि सोळाची चालेल. तत्त्व मी सोडलेलं नाही, तूर्त स्थगित ठेवलं आहे.

तुझा,
धाकटा भाऊजी

ता. क. : यातलं अवाक्षर थोरल्या भाऊजींच्या कानावर जाता कामा नये.

ता. क. २ : खरं काम पुढेच आहे. साडूंना कळव की वक्र दातांचे गिअर वर्षभराने एकदा जाणकाराने तपासावे लागतात. त्यांचे गिअर काढून तुझ्याकडे मागवून घे आणि हिवाळा सरेपर्यंत तपासत राहा. माझी जोडी मग नाही पाठवलीस तरी चालेल.

ता. क. ३ : बाळा, हे मी लिहितेय. ताई आज परगावी गेली म्हणून मी घरी आहे आणि ह्यांचे दोन्ही हात लडीत आहेत. “गिअरची अजिबात घाई नाही असं लिही,” म्हणून मला पेन आणायला उठवलं, आणि मी उठल्यावरही बोलणं चालूच आहे. सध्या गटार. वरचं सगळं मी वाचलं. भाऊजींचे गिअर मुळीच मागवू नकोस. मला तिथे लोकर गुंडाळायची घाई नसते, पण दोन तास कुणी काही बोलत नाही रे. आता नीट ऐक. ह्यांना जोडी जरूर पाठव, ह्याच आठवड्यात पाठव. वक्र नको, वॉशर नकोत. ती पहिली होती तशीच, पोलादी, सरळ दातांची, वीस-वीसची. मग मी रविवारी कुठे जाणार नाही.