कागद शाबूत

४ मे
आज रुजू झाले! खाली यांगत्सेवरच्या धरणाचा फुगवटा, वर संत्र्यांच्या बागा. शियांग आजींकडे खोली मिळाली. बारा वर्षांचा पाऊस, जलाशयाची पातळी, भेगांच्या नोंदी संगणकाकडून चाळून घ्यायच्या आणि दरड कधी सुटेल ते आधीच सांगायचं, हे माझं काम. घरातली पहिली पदवीधर मी. आईनं गल्लीभर सांगितलंय. आजी म्हणाल्या, "खालचं घर बुडालं तेव्हाही असेच शिकलेले आले होते. जेव आधी."

११ मे
आजींच्या मागच्या भिंतीत भेग आहे. तिच्यावर पातळ कागद चिकटवतात. डोंगर सरकला की तो फाटतो. फाटला तर आमच्या कचेरीला कळवायचं आणि नवा लावायचा. आजोबा गेल्यापासून, तीन वर्षं, हे काम आजींकडे. रोज सकाळी निरोप: 'कागद शाबूत.' एकही खाडा नाही!

२० मे
अंदाज निघाला: यंदा धोका नाही. एक्केचाळीस घरं हलवायला नकोत. खाली माझी सही. गाव मला 'ज्योतिषीणबाई' म्हणतं. आजींनी धुरावलेलं मांस रांधलं. म्हणाल्या, आता यांच्या थडग्याशेजारीच मरेन.

२ जून
सहा दिवस पाऊस. पुरासाठी जागा म्हणून जलाशयही रिकामा करताहेत; डोंगराच्या पायथ्याचा पाण्याचा आधार जातोय. माझं दार घासतं. आजी म्हणतात, लाकूड फुगलं.

४ जून
आज आजींना भेगेपाशी पाहिलं. आधी नवा कागद डकवला. मग चष्मा पुसून कागद नीट बघितला. मग कळवलं: शाबूत.
मी कागद सोलले. खाली थरावर थर, सगळे फाटलेले. पंजा मनगटापर्यंत भेगेत गेला.
आजी म्हणाल्या, "खोटं कुठं बोलले? एकदा उठवलंत आम्हाला. पुन्हा नाही."

५ जून, दुपार
सकाळपासून लावत होते, आत्ता कचेरीला फोन लागला. त्यांनी माझाच अंदाज मला वाचून दाखवला, सहीसकट. मग फोन बंद पडला. रस्ता खचलाय. घरोघर जाऊन सांगायलाच हवं.

थोड्या वेळानं
खोलीचं दार उघडत नाही. चौकट तिरकी झालीय. खिडकीला गज.
आजी बाहेरून म्हणतात, "घाबरू नकोस पोरी, आत्ताच नवा लावलाय —"

खाली चुलींचा धूर. जेवायला बसलेत सगळे, माझ्या सहीवर —

थाळी बडवतेय. एकानं वर बघितलं. हसला. "ज्योतिषीणबाई, भूक लागली की काय? या, या!"

भिंतीपलीकडे कागद फाटल्याचा आवाज येतोय. सावकाश. आत्ताच लावलेला —

अंदाज चुकला. सही माझी. सगळ्यांनी घरं सोडून प