अंगणातलं काळं कोटिंग

प्रिय दादा,

रागात लिहितेय, अक्षर लागलं नाही तर विचारू नकोस.

माझ्या पाळणाघराचं अंगण गेल्या वर्षी तू हौसेने कोलटारचं कोटिंग मारून काळंभोर करून दिलंस. आता ते झिजतंय. त्याची धूळ पोरांच्या तळव्यांना लागून घरात येते आणि रांगणाऱ्यांच्या तोंडात जाते. पुसून पुसून माझी कंबर मोडली. शेवटी ती धूळ तपासून घेतली. रिपोर्टात कॅन्सर करणारी रसायनं निघाली.

फोन केला तर म्हणालास, "अगं, लहानपणी आपण डांबराच्या गोळ्या करून खेळलो, काय झालं?"

काय झालं? रोज कोलटार हाताळून तुझ्या हातावर आलेले चट्टे दोन वर्षं झाली तरी जात नाहीत. वहिनीने रडत सांगितलं आणि तिने सांगितलं हे तुला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली.

बिनकोलटारचं कोटिंग मिळतं, हे तुलाही ठाऊक आहे. पण "ते लवकर उखडतं, गिऱ्हाईक शिव्या घालतं!" तुझ्यापुढे किती डोकं आपटायचं?

अंगणाला मी कुलूप लावलं. कोटिंग कुणी केलं, असं पालकांनी विचारलं तेव्हा गप्प बसले. पण सोमवारी तू शाळेचं पटांगण काळं करणार, म्हणून आज रिपोर्ट मुख्याध्यापिकाबाईंना देऊन आले.

"कंत्राटदार ओळखीचा आहे का?" त्यांनी विचारलं.

"सख्खा भाऊ आहे," म्हटलं.

शपथ मोडायची नाही, म्हणून हे पत्र पाठवत नाही. संध्याकाळी तू भांडायला येशीलच. ये. डॉक्टरांची वेळ घेतलीय, भांडून झालं की तिकडेच जाऊ.

तुझी,
डोकं फिरलेली धाकटी