वाकड्या मनोऱ्याचा कोंबडा

प्रिय बाबा,

आपल्या चर्चच्या मनोऱ्याच्या टोकावरचा पत्र्याचा कोंबडा अजून खालीच आहे, आणि त्याला कारण तू आहेस! घाबरू नकोस, कोणी चिडलेलं नाही. म्हणजे ब्लांदीनबाई जरा चिडल्यात, पण त्या गावाच्या मेयर, त्यांचं ते कामच आहे.

नीट सांगते. मनोऱ्याची दुरुस्ती संपत आलीये आणि मी सुट्टीभर परांचीवरच पडीक आहे. कॉलेजमध्ये चार भिंतींत शिकून जे कळलं नाही, ते इथे धूळ खाऊन कळतंय. सुरुवातीला शहरातून एक साहेब आले होते. म्हणाले, एवढं उघडलंच आहे तर मनोऱ्याचा पीळ काढून सरळ करून टाकू. शेजारची ओदेत आजी, जिच्याकडे मी राहतेय, तिथल्या तिथे म्हणाली, आधी स्वतःचं नाक सरळ करून या, मग बोलू. विषय संपला.

तू सांगायचास ना, आईच्या सूपचा वास आला म्हणून मनोऱ्याने आपल्या घराकडे मान वळवली? सॉरी, पण मी आत चढून बघून आले. सुतारांनी मनोऱ्याच्या सांगाड्याला ओकचं लाकूड ओलंच वापरलं. ते वाळत गेलं तसं पिळत गेलं, आणि वरची काळ्या दगडाची कौलं पण त्याच्याबरोबर फिरली. चक्क चूक! पण नंतर जो जो दुरुस्तीला चढला, त्याने त्या वळणाच्याच मापाने नवी कौलं कापली. कोणाला ते सरळ करावंसं वाटलं नाही.

खालचं चर्च तर त्याहून जुनं. जाड भिंती, चिमुकल्या खिडक्या, नुसता अंधार. पुढे कोणाला तरी उजेड हवासा वाटला, म्हणून पूर्वेला उंच टोकदार कमानी जोडल्या. तो जोड इतका गमतीशीर आहे, की तिथला खांब अर्धा गोल आणि अर्धा चौकोनी. आई तिथेच बसायची, गोल बाजूला पाठ टेकून. तिथे दगड गुळगुळीत झालाय. तिच्यामुळेच झाला असं मी सगळ्यांना सांगते. पुरावा काही नाही.

तर कोंबडा. वर बसवायच्या आधी तो घरोघर फिरवतात, तुला माहीतच आहे. राहत्या घरांपैकी एकही चुकवायचं नाही, प्रत्येक घराने फीत बांधायची. शनिवारी गॅस्पार, तो कौलं बसवणारा, कोंबड्याला कडेवर घेऊन निघाला. प्रत्येक घरात वाइनचा पेला, त्यामुळे अर्ध्या गावानंतर कोंबड्यापेक्षा तोच जास्त डोलत होता. आपल्या दाराशी आल्यावर म्हणाला, चला पुढे, रिकामं घर. तेवढ्यात ओदेत आजी तुझं नाव घेऊन म्हणाली, रिकामं कुठलं? आर्मेल बाहेर गेलाय. तीन वर्षं? गॅस्पारने विचारलं. तर म्हणते, तो पहिल्यापासून सावकाशच चालतो!

सगळे हसले, पण पुढे कोणीच जाईना. पुढे जायचं म्हणजे ते घर रिकामं आहे असं गावाने ठरवायचं. शेवटी ब्लांदीनबाई म्हणाल्या, पुढच्या रविवारपर्यंत थांबू, मग परांची उतरवावी लागेल, कोंबडा तेव्हा वर गेलाच पाहिजे. तोवर तो ओदेत आजीच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर बसलाय. ती त्याला रोज सकाळी गुड मॉर्निंग करते आणि तिचं मांजर त्याच्यावर गुरगुरतं.

आई गेल्यावर तू घराला कुलूप लावून नाँत शहरात राहायला गेलास. फोनवर विचारलं की म्हणतोस, त्या घरात आता काय आहे? मला उत्तर सुचायचं नाही. आता सुचलंय. चुकून वाकडा झालेला एक मनोरा त्या घराकडे बघतोय, आणि गॅस्पारकडे काम शिकायला मी इथेच राहणार आहे. मला राहायला घर लागेल.

आणि हो, शनिवारी आम्ही सगळ्यांनी गॅस्पारला सांगितलं की घराची चावी फक्त तुझ्याकडे आहे. ते खोटं होतं, बाबा. दुसरी चावी ओदेत आजीकडे पहिल्यापासून आहे, गावातल्या पोराटोरांनाही, अगदी गॅस्पारलाही माहीत आहे, आणि आत्ता ती माझ्या खिशात आहे. दार मी शनिवारीच उघडू शकले असते. पण ते उघडायचं तू, म्हणून सगळं गाव चावी नसल्यासारखं वागतंय. ओदेत आजीकडे राहिलेल्या आईच्या निळ्या एप्रनची नाडी फितीसाठी काढून ठेवलीये. रविवारी ये. सावकाश आलास तरी चालेल, सकाळची गाडी चुकवू नकोस फक्त.

खाली दारात वाट बघणारी, तुझीच
पेरीन