फिनेलने धुतलेली बाटली

सोलापूर, मंगळवार, ९ नोव्हेंबर १९७६

हाताचा फिनेलचा वास अजून जात नाही. आमच्या थोरल्या शिवाला महिनाभर शौचातून रक्त पडते आहे. आम्ही मूळव्याध समजून ताक पाजत राहिलो. आज डॉक्टरांकडे तपासायला बाटलीत शौचाचा नमुना घेऊन गेलो. त्यांनी बाटली नाकाशी धरली.

"कशानं धुतलीत, अप्पा?"

"फिनेलनं. घाण बाटली तुमच्या हातात कशी द्यायची?"

"अहो, जंतू असले तरी मेले की यात! उद्या साध्या पाण्यानं धुवा आणि ताजा नमुना आणा."

मग त्यांनी समजावले. जंतूंनी सूज आली असेल तर ती औषधाने बरी होते. जंतू नसतील तर तो आतड्याचाच आजार, जन्मभर पुरणारा. रक्त दोन्हींत पडते. त्या दुसऱ्या आजाराच्या गोळ्या जंतू असताना दिल्या तर जिवावर बेतते. म्हणून आज कसलेच औषध नाही. आणखी एक दिवस माझ्यामुळे गेला.

घरी ऐकून शिवा हसला. "अप्पा, आता माझं पोटच फिनेलनं धुवा की!" हिला हसू आले नाही, मलाही नाही. त्याचे गाल किती खोल गेलेत.

साबणाने हात पुन्हा धुतला. वास तसाच. त्याच हातावर गळ्यातले इष्टलिंग घेऊन पूजा केली. बापाने काय मागावे? पोर धडधाकट होऊ दे, एवढेसुद्धा तोंडातून निघेना. मी मागितले, देवा, माझ्या पोराच्या पोटात जंतूच निघू देत.