सातव्या वळणावर

प्रिय दादा,

वर्षभर तुझे फोन उचलले नाहीत, आणि आता अचानक पत्र आलेलं बघून तुला वाटेल की धाकटीचा राग उतरला. उतरलेला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना अजून एकटी चढते. बाबांचं शिवणयंत्र मी विकलेलं नाही आणि विकणारही नाही. तू परस्पर कुणाकुणाला त्याचे फोटो पाठवलेस, ते कळलं. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक बाबांनी कापून ठेवलेला कोट मागायला आलं. तो मीच पुरा केला. बाह्या दोनदा उसवाव्या लागल्या. तुला यातलं काय कळणार म्हणा, तुला तर लहानपणी बटण लावायचाही कंटाळा.

त्यांच्या सदुसष्टाव्या वाढदिवसाला तू ती जाड टायरांची डोंगरी सायकल आणलीस. बाबा नको म्हणत होते. तेव्हा तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास, "चाळीस वर्षं मशीनचं पायडलच मारलंय की, त्यात नवीन काय?" सगळे हसले, बाबाही हसले, आणि मग त्यांना नाही म्हणता येईना. माणसाला हसवून कोंडीत पकडायची तुझी जुनी खोड आहे. तुझ्या सायकलवाल्या टोळक्याने तुला 'कॅप्टन' नाव ठेवलंय ते उगाच नाही.

वणवा लागला तर बंब वर नेता यावा म्हणून जंगलखात्याने खणलेला तो कच्चा रस्ता, ज्यावर तू बाबांना आणि मला सायकलवरून नेलंस. अकरा किलोमीटर नुसता चढ, श्वास घ्यायला एक सपाट तुकडा नाही, आणि अगदी टोकाला तो कठडा, जिथून म्हणे सगळं खोरं दिसतं. पहिली दोन वळणं तू आमच्याबरोबर होतास. मग आमच्यामुळे तुझी लय बिघडायला लागली आणि तू पुढे निघालास. वरच्या वळणावरून ओरडायचास, "गिअर हलका करा, बाबा. थांबलात की संपलात." मी मागून त्यांची पाठ बघत होते. पाचव्या वळणानंतर त्यांची सायकल नागमोडी जायला लागली, चाकाखालून खडी निसटत होती. सातव्यावर ते उतरले आणि चार पावलांवर सावली असताना उन्हातच खाली बसले. ओठ राखेसारखे झाले होते.

पंधरा दिवस आधी तूच त्यांना डॉक्टरकडे नेलं होतंस. हृदयाची तपासणी झाल्याशिवाय दमणूक नको, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. तो कागद मला तुझ्या कपाटात सापडला, बाबा गेल्यावर नऊ दिवसांनी. तू म्हणालास, विसरलो. तुला तुझ्या प्रत्येक सायकलच्या टायरमधली हवा तोंडपाठ असते, दादा.

आणि आईला तू सांगितलंस की बाबा वर पोहोचले, कठड्यापाशी बसले, खोरं बघून हसले आणि मग कलंडले. मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले. तुला वाटलं, बहिणीने सांभाळून घेतलं. तुला सांभाळायची मला काय हौस? मी गप्प बसले ते माझ्यासाठी. सातव्या वळणावर बाबा मला म्हणाले, "त्याला हाक मारू नकोस. त्याला जाऊ दे वर. मी बसतो जरा." फोन माझ्या खिशात होता, रेंजही होती. वीस मिनिटं मी कुणालाच फोन केला नाही. तू खाली आल्यावर मला 'रडूबाई' म्हणशील, याची भीती वाटत होती. मग मी फोन केला, पण जंगलखात्याची जीप आली तोवर त्यांचा हात गार पडला होता. त्या वीस मिनिटांपायी तुझ्याइतकाच मला माझाही संताप येतो, पण म्हणून तुझा कमी होत नाही.

काल आईने सांगितलं की रविवारी तू तिला जीपने वर नेणार आहेस. "त्यांनी शेवटचं जे बघितलं, ते मलाही एकदा बघू दे," असं म्हणाली आणि कपाटातून त्यांना आवडायची ती निळी साडी काढून मला इस्त्रीला दिली. ती इस्त्री करून ठेवली आणि तुला लिहायला बसले. मी बरोबर येणार आहे. सातव्या वळणावर गाडी थांबव. तिथून खोरं दिसत नाही. समोर मातीची दरड आहे, तोडलेली झुडपं आहेत आणि धूळ. शेवटचं त्यांनी तेच बघितलं. तिथे तू तुझ्या कागदाचं सांग, मी माझ्या वीस मिनिटांचं सांगते. त्यानंतर तिला वर जायचं असेल तर नेऊ. तू गाडी थांबवली नाहीस, तर मी चालत्या गाडीत सांगायला सुरुवात करीन.

नाइलाजाने का होईना, तुझीच
धाकटी