पाचाची बारा घरं

९ जानेवारी, शुक्रवार
बाबाने आजही नाही ओळखलं मला. चहा दिला तर म्हणतो, "तुमचं गाव कोनतं, बाई?" त्याला चिचगडहून मुर्रीला माझ्याकडे आणून वीस दिवस झाले. भाऊ योगराज तेव्हाच म्हणाला होता — "बाबाले मानसं आठवत नाहीत आता, संध्या. हाताले मात्र सगळं आठवते." हाताला आठवून मी काय करू! मला त्याच्या तोंडून माझं नाव ऐकायचं आहे. एकदा. बस.

१२ जानेवारी
एम.एस्सी.च्या वर्गाला फुलेरीनच्या नामकरणाचे नियम शिकवायला घेतले. कार्बनच्या अणूंचे पोकळ पिंजरे, एखादा साठ अणूंचा, एखादा सत्तरचा. मागच्या बाकावरून दुर्गेश्वरी — "मॅडम, साठ अणू आहेत त साठ म्हना ना. एवढं लंबं नाव कायले?" सांगितलं, अणू तेवढेच असले तरी पिंजऱ्याची घडण वेगळी निघते. म्हणून नावात घडणही सांगायची.

संध्याकाळी घरी कागदाच्या पट्ट्यांचा, पिंजऱ्याचा नमुना विणत बसले. गोळा काही केल्या मिटेना. बाबा खाटेवरून बघत होता. उठला, हात फिरवला. "एक पाचाचं घर कमी हाय, बाई. सहाच सहा विनलं त चटई होते. वळवाचं असन त एक काडी सोडा लागते."

मोजले. गोळा मिटायला पंचकोन बारा लागतात, मी घाईत अकराच केले होते. वर्षानुवर्षं हेच शिकवते आहे मी. आणि त्याने जन्मभर बांबूच्या टोपल्या विणल्या.

१५ जानेवारी
योगराजने बांबू पाठवला. बाबा सकाळपासून तसाच गोळा विणतो आहे. जेवायला उठत नाही.

१७ जानेवारी, शनिवार
गोळा झाला. शेवटचं घर मिटायच्या आधी बाबाने आपल्या पिशवीतून पळसाच्या पानाची पुडी काढली आणि आत सोडली. आमच्या घरची रीत — बंद वस्तू रिकामी द्यायची नाही. घेणारा परका असला तर पुडीत धान. घरच्या लेकीसाठी विणली तर लाल गुंजा. माझ्या लहानपणच्या खुळखुळ्यात गुंजा होत्या.

दोन्ही हातांनी गोळा पुढे केला. "घ्या बाई. घरी जाऊन पुडी सोडून पाहा."

घरी जाऊन! म्हणजे मी परकी, आत धानच. सोडून काय बघायचं? मोरीत जाऊन रडले. पाण्याचा नळ सोडून रडले, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. तसं त्याला काय कळणार होतं.

१९ जानेवारी
गोळा वर्गात नेला. पोरांनी पाचाची घरं मोजली. बरोबर बारा. मग पुढचा नियम — पिंजऱ्यातला एखादा अणू गळाला तरी मूळ नाव पुसत नाहीत, त्याच्या आधी फक्त 'नॉर' लावतात. सांगता सांगता खडू खाली ठेवला. दुर्गेश्वरीने पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आले तर बाबा दारातच. "पाह्यलं का सोडून?"
"मग पाहते," म्हणाले. रागातच.

२१ जानेवारी
परत विचारलं. पेपर तपासत होते. "मग," म्हणाले.

२४ जानेवारी
बाबा गेला. सकाळी अंगणात, उन्हात बसल्या बसल्या. मी आत भाजी चिरत होते.

४ फेब्रुवारी
चिचगडचं सगळं आटोपून मुर्रीला परतले. निघताना योगराजने विचारलं, "शेवटी तरी ओळखलं का तुले?" नाही म्हटलं. त्याने डब्यात भाकरी बांधून दिली.

८ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतला चिमटा घरी आणला. सहाच्या एका घरातून पुडी हळूहळू ओढून काढली. पान वाळलं होतं, हातातच तुटलं.
धान एकही नाही. सगळ्या गुंजा.
तो दोनदा विचारायला आला होता. मी दोनदा 'मग' म्हणाले.