आईच्या मुसळाचं धनुष्य

कोपर, डोंबिवली पश्चिम
शुक्रवार, दुपारची भांडी घासून झाल्यावर

चिरंजीव राघो,

तुला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू एकसष्ट वर्षांचा झालास तरी माझ्यासाठी चिरंजीवच, त्यात तुझी काही कर्तबगारी नाही. तुझा गुडघा कसा आहे? शालनचं पित्त खवळतंय का अजून? (खवळत असणारच, ती उपाशीपोटी चहा पिते आणि वर मला विचारते, "वन्सं, असं का होतं हो?") तुझ्या पोरीच्या, ऐश्वर्याच्या लग्नाची धावपळ चालू असेल. इथे मी बरी आहे. डाव्या डोळ्याला कमी दिसतं, पण ह्या वयात बघण्यासारखं तरी काय उरलंय?

पत्र कशाला लिहिते म्हणशील. फोनवर तू ओरडशील, मी फोन ठेवून देईन आणि सांगायचं ते राहून जाईल. मी चौथी नापास, त्यामुळे अक्षराला हसायचं नाही. उद्या माझी नात निशिगंधा धनुष्यबाणाच्या निवडीला ठाण्याला जाणार आहे. तिथून कोलशेतला येऊन हे पत्र ती तुझ्या हातात देईल. वाचताना खाली बसून वाच.

गेल्या आठवड्यातल्या बुधवारी तुझा फोन आला की मंगळवारी ऐश्वर्याची हळद आहे, घाण्याची हळद कुटायला आईचंच मुसळ पाहिजे, तेवढं पाठव, आणि हळकुंडं कोपरच्या त्या वाण्याकडची आण. हळकुंडं आणली. दीड किलो, डब्यात भरली, झाकणाला दोरी बांधली (माझ्याकडचं झाकण सैल आहे) आणि फळीवर ठेवली. मुसळाचं मात्र सांगायचं आहे.

ते मुसळ माझ्याकडे आलं कसं ते आधी आठव. आईच्या तेराव्याला शालन म्हणाली, आता घरात मिक्सर आहे, ही धोंड कुठे ठेवायची. मी मुसळ खांद्यावर टाकलं आणि निघाले. रिक्षावाला म्हणाला, आजी, भांडण झालंय का कुठे? नऊ वर्षं ते माझ्या दारामागे उभं होतं आणि ह्या नऊ वर्षांत तू एकदाही कोपरचा जिना चढला नाहीस. आणि दिवाळीत तूच म्हणालेलास ना, ऐश्वर्याचं ठाण्याला रजिस्टर लग्न करणार, हळद नाही, मांडव नाही? मग नवऱ्या मुलाच्या आजीला हळद हवीशी झाली हे मला काय स्वप्नात कळणार होतं?

तर निशी. सव्वीस वर्षांची घोडी, लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि रविवारी बाण मारते. तिला स्वतःच्या हाताने धनुष्य करायचं होतं, पट्ट्यांवर पट्ट्या चिकटवून. एक पट्टी बांबूची, एक लाकडाची, परत बांबूची, सगळ्या भाकरीपेक्षा पातळ. मग त्या थप्पीला सरस लावून वाकड्या साच्यावर आवळायचं आणि सुकू द्यायचं. वखारीतून तिने लाकूड आणलं, चिकटवलं, चार दिवसांनी पट्ट्या सुटल्या. परत चिकटवलं, परत सुटल्या. मला म्हणते, आजी, सरस खराब आहे. मला! कोलशेतला दरवाज्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी प्लायला सरस लावलाय, माझ्या हातचा दरवाजा खाडीच्या पुरात फुगला नाही. मी म्हटलं, सरसाला नावं ठेवू नकोस, लाकूड ओलं आहे. सुकलेलं लाकूड कसं असतं ते बघायचंय तुला? आणि दारामागून मुसळ काढून तिच्या पुढ्यात टाकलं.

झालं ते असं झालं, तुझ्या फोनच्या आधीच. (इथपर्यंत वाचून ओरडला असशील. ओरडून घे, पाणी पी आणि पुढे वाच.)

वखारीतल्या मशीनवर मुसळ उभं चिरलं. चिरणारा प्रभाकर म्हणाला की खैराचं लाकूड इतकं सुकलंय, पण आतून भुसा ओला पडतोय. मी बघितलं, लालभडक आणि ओला. मुसळाला मधोमध आईच्या मुठीने पडलेला खळगा होता ना, तो तुकडा मी चिरू दिला नाही. तोच निशीने धनुष्याला मूठ म्हणून बसवला. सरस मी लावला. क्लॅम्प पुरेनात म्हणून सायकलच्या ट्यूब कापून मोडलेल्या हाताला पट्टी बांधतात तशा गुंडाळल्या आणि काळ्या प्लास्टिकखाली आठ दिवस गच्चीत उन्हाला टाकलं. एक पट्टी सुटली नाही. मग काचेच्या तुकड्याने खरवडायचं, धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन बाजू, सारखे वाकेपर्यंत. पण डावा हात वाकेचना. निशी खरवडून दमली. मी तिला सांगितलं नाही, तुला सांगते: आईचा डावा हातच जोराचा होता.

तयार झाल्यावर निशीने दोरी चढवली, बाण न लावता थोडी ओढली आणि हळूच परत जागेवर आणली. धनुष्य म्हणालं, "हुं". राघो, तुला माहीत आहे कुठलं हुं. आई एकवीस ठोके कुटायची आणि मुसळ ह्या हातातून त्या हातात घेताना करायची ते. निशी म्हणाली, आजी, लाकूड करकरतंय. मी म्हटलं, हो गं बाई, करकरतंय.

तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कुटणं सुरू झालं. मला ऐकू आलं नव्हतं, दुपारी मी गाढ झोपते. खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई वर आल्या (शुद्ध बोलतात, अगदी वर्तमानपत्रासारखं) आणि म्हणाल्या, "रखमाबाई, रोज दोन वाजता आपण काय कुटता? ह्यांचा डोळा लागत नाही." मी म्हटलं, मसाला. काय सांगू? त्या म्हणाल्या, "मिक्सर घ्या की एखादा. आणि मध्येच थांबता ते कशाला?" मी विचारलं, किती ठोक्यांनी थांबते? त्यांनी मोजलेलं होतं. एकवीस.

दुसऱ्या दिवशी मी जागी राहिले. धनुष्य खुंटीला टांगलेलं, दोरी उतरवलेली. पंखा बंद. दोन वाजले आणि धप्. हलत काही नव्हतं, पण फरशी माझ्या टाचेखाली हादरत होती. मुठीच्या खळग्यावर हात ठेवला तर ऊनऊन लागला, नुकताच कोणीतरी सोडलेला असावा तसा. मी म्हटलं, आई, पुरे. थांबलं. मग आणखी जोरात सुरू झालं. जिवंतपणी तरी तिला पुरे म्हटलेलं कधी आवडलं होतं?

ती काय म्हणायची ते विसरलास का? तुझ्या लग्नात, माझ्या लग्नात, दरवेळी तेच. घरातल्या पोरींची हळद ह्याच मुसळाने कुटायची, नाहीतर मी स्वतः येऊन कुटीन. आपण हसायचो. बाबा तरणे गेले, तिने पांढऱ्या कपाळाने दुसऱ्यांच्या पोरींच्या मिरच्या कुटून आपल्याला वाढवलं, पण हळदीच्या घाण्याला कोणी तिला उखळाजवळ उभं राहू दिलं नाही. माझ्या वेळेला ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुसळ तिचं, कुटणाऱ्या पाच सवाष्णी शेजारच्या. आता मीही तशीच झाले. मंगळवारी मुसळ माझ्याकडून पाहिजे, पण मला त्याला हात लावू देणार नाहीस. लावू देणार आहेस का? नाही ना. मग इतकं मनाला लावून घेऊ नकोस.

शालनला, ऐश्वर्याला आशीर्वाद सांग. नवऱ्या मुलाच्या आजीला काहीच सांगू नकोस.

तुझी बहीण
रखमा

ता. क. मुसळाच्या तळाची लोखंडी कडी काढून जपून ठेवली आहे. ती हक्काने तुझी.

ता. क. दुसरा. मांडवात काहीतरी दाखवावं लागेलच. निशीला धनुष्य घेऊन येऊ दे, त्यालाच आंब्याची पानं बांधा. लाकूड तेच आहे, फक्त वाकडं झालंय. तूही झालास, तरी आम्ही तुला राघोच म्हणतो.

ता. क. तिसरा, शनिवार सकाळ. निशी चपला घालते आहे म्हणून घाईत. काल हे लिहीत होते तेव्हा कुटणं चालू होतं, अडीचला थांबलं आणि मग लांबलचक हुं झालं. आज निशीने धनुष्य खुंटीवरून काढलं तर खाली फरशीवर हळदीचा ढीग. वस्त्रगाळ, एक कणी नाही. फळीवरचा डबा उतरवला. दोरीची गाठ माझीच, तशीच, आणि आत हळकुंड नाही एकही. निशी म्हणते, आजी, उंदीर असतील. रक्त काढणारी पोरगी, तिला काय कळणार.

तर नऊ वर्षांनी का होईना, जिना चढ. घट्ट झाकणाचा डबा आण आणि शालनला आण, भरायला सवाष्ण लागते. मी ढिगाला बोट लावलेलं नाही, शकुन मोडायला नको. कुटणारी बाई मात्र विधवाच होती, ते शालनला भरायच्या आधी सांगायचं की नंतर, ते तू ठरव.